ठेवायला जागा नसलेला मुलगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक लेखिका १३ ते १७ वयाच्या वाचकांसाठी वास्तववादी कादंबरी लिहीत आहेत. नायक १५ वर्षांचा, लातूर जिल्ह्यातला. सावत्र आईच्या छळाला कंटाळून तो रात्रीच्या गाडीने मुंबईला येतो, फलाटावर राहतो, उपाशी झोपतो, वाईट संगतीला लागतो आणि शेवटी संस्थेतल्या एका ताईमुळे बालगृहात जाऊन शिकू लागतो. लेखिकेने दोन दिवस सीएसएमटीवर बसून निरीक्षण केलं आहे. त्या विचारतात, हे खरं वाटायला आणखी काय लागेल, आणि शेवट गोड करावा का?

मी २३ वर्षं घर सोडून आलेल्या मुलांसोबत काम केलं. पहिली ९ फलाटांवर, नंतर बालगृहात समुपदेशक म्हणून, आणि आता नव्याने कामाला लागणाऱ्या मुलामुलींना शिकवते. म्हणजे तुमच्या गोष्टीतली ताई साधारण मीच. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते: तिला काढा. अगदीच हवी असेल तर उशिरा आणा, आणि तिच्या हातून मोठं काही घडवू नका. फलाटावर आम्ही रोज दिसतो. जखमेला पट्टी बांधतो, कॅरम मांडतो, नाव विचारतो. मुलगा खोटं नाव सांगतो. तीन आठवड्यांनी दुसरं खोटं नाव सांगतो. एका मुलाचं खरं नाव कळायला मला ७ महिने लागले होते, आणि तेही त्याने मला सांगितलं नाही. तापात बडबडताना स्वतःलाच त्या नावाने हाक मारत होता. तोवर सगळे त्याला ‘नांदेड’ म्हणायचे. फलाटावर गावाचं नाव चिकटतं, नाहीतर अंगातलं एखादं व्यंग चिकटतं. तुमच्या नायकाचं नाव मुंबईत आल्यावर चौथ्या पानावर जायला हवं आणि कादंबरीत पुन्हा कधी येतं ते तुम्ही ठरवा. माझ्या मते तेवढ्यावर अख्खं पुस्तक उभं राहील.

आता उपासमार. मुंबईबाहेरच्या, आणि खरं तर मुंबईतल्याही, लेखकांना वाटतं की बेघर मुलाचा मोठा प्रश्न पोटाचा. पहिले दोन-तीन दिवस तो असतो, कारण पत्ते माहीत नसतात. पत्ते कळले की एकट्या जिवाचं पोट या शहरात भरतं. माहीमच्या दर्ग्याजवळच्या हॉटेलांसमोर माणसं रांगेत उकिडवी बसलेली असतात. कुणी येऊन गल्ल्यावर दहा जणांचे पैसे भरले की पुढची दहा माणसं जेवतात. दादरच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. लांब पल्ल्याची गाडी यार्डात जायच्या आधी पँट्रीतला उरलेला भात मिळतो. लग्नसराईत केटरिंगवाले नाक्यावरून पोरं उचलतात, ताटं उचलायची, रात्री जेवण आणि वर रोख पैसे. तेव्हा भुकेचं प्रकरण जरूर लिहा, पण ते अज्ञानाचं प्रकरण म्हणून लिहा: वीस पावलांवर जेवण आहे आणि याला ठाऊक नाही. दहाव्या दिवशी तो दुसऱ्या नव्या पोराला पत्ता सांगत असेल, आणि त्या सांगण्यात थोडा तोरा असेल.

मग अडचण कशाची? ठेवायला जागा नसण्याची.

हे मला कळायलाही काही वर्षं गेली. झोपायला जागा कुठेही मिळते. पुलाखाली, फलाटाच्या टोकाला, रिकाम्या हातगाडीवर. पण जी वस्तू हातात किंवा अंगावर नाही ती तुमची राहत नाही, आणि झोप लागली की हातातलीही जाते. हे एकदा धरलं की बाहेरून विचित्र दिसणाऱ्या सगळ्या वागण्याचा उलगडा होतो. मुलगा दिवसभर बाटल्या वेचतो, शर्ट काढून त्याने गाडीचे डबे झाडतो, फुलबाजारात गोणी उचलतो. संध्याकाळी खिशात शे-दोनशे रुपये येतात. रात्रीपर्यंत ते राहणार नाहीत हे त्याला पक्कं माहीत असतं. मोठी पोरं काढून घेतील, एखादा वर्दीवाला घेईल, नाहीतर शेजारी झोपलेला दोस्तच घेईल. म्हणून झोपायच्या आत सगळे संपवायचे. बिर्याणी, सिनेमा, पत्ते, आणि पुढे नशा. आपण म्हणतो, बघा, मिळतंय तर उडवतात. अहो, बँकेत खातं नसलेला माणूस पैसे पोटात ठेवतो, एवढंच आहे ते.

कपड्यांचं तसंच. दोन शर्ट असले तर दोन्ही एकावर एक घालायचे, मे महिना असला तरी. धुवायचे तर वाळेपर्यंत राखण बसायला लागते. म्हणून बरीच मुलं कपडे धूतच नाहीत. फार मळले की फूटपाथवरून नवा टी-शर्ट घेतात आणि जुना तिथेच टाकतात. आंघोळीला सुलभमध्ये पैसे देता येतात, पण आत जाताना चप्पल कुणाकडे द्यायची? तुमच्या नायकाची पहिली चप्पल आंघोळीच्या वेळी जाऊ द्या. क्षयाचं औषध निदान सहा महिने घ्यावं लागतं. गोळ्यांची पाकिटं सहा महिने कुठे ठेवणार? डॉक्टर म्हणतात, मुलं औषध अर्धवट सोडतात. पाकिटच हरवतं, आणि ते मागायला परत जायची लाज वाटते, हे डॉक्टरांच्या कागदावर येत नाही. चष्म्याचा नंबर असलेली मुलं मी पाहिली आहेत, चष्मा टिकवलेला एकही नाही. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, यांचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

आणि यातून तुम्हाला कथानक मिळतं, जे सावत्र आईतून मिळणार नाही. काही मुलं कुणाकडे तरी ‘ठेवतात’. चहावाला, स्टॉलवाला, भंगारवाला, फुलांच्या गाळ्यावरची मावशी. हिशेब तोंडी. रोज ५० रुपये दिले, गावी जाताना दे म्हणून सांगितलं. तो माणूस मुलाची बँक होतो, पत्ता होतो, मुलगा आजारी पडला तर त्याच्याच फळीखाली झोपतो. आणि तोच माणूस एक दिवस म्हणतो, ‘कसले पैसे?’ किंवा म्हणत नाही, देऊनही टाकतो. दोन्ही मी पाहिलं आहे, एकाच माणसाकडून, दोन वेगळ्या मुलांच्या बाबतीत. तुमच्या कादंबरीतला आधार आणि खलनायक एकच माणूस असू शकतो. किशोर वाचकाला हे झेपेल का असं विचारू नका. त्यांच्या घरात असे काका-मामा असतात.

नशेबद्दल एक अडवणूक करते. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, रुमाल, ही चित्रं आता इतकी गुळगुळीत झाली आहेत की वाचकाला त्यातून काही दिसत नाही. कशी करतात याचं वर्णन तर मुळीच नको, तुमचा वाचक १३ वर्षांचा आहे. कशासाठी करतात ते लिहा. रात्री शेवटची लोकल एकच्या आसपास येऊन थांबते आणि पहिली चारच्या सुमारास सुटते. मधले तीन तास स्टेशन रिकामं होतं, झाडलोट होते, काठी आपटत कुणीतरी येतं, ‘उठ, चल, बाहेर’. त्या तीन तासांत झोप न लागणं हा सुरक्षिततेचा मार्ग असतो, आणि झोप न लागू देता भीतीही न वाटू देणं यासाठी ती बाटली लागते. म्हणून ही मुलं दिवसा झोपतात. दुपारी दोनला फलाटावर मेल्यासारखा झोपलेला मुलगा बघून प्रवासी नाक मुरडतात. तुम्ही दोन दिवसांत अशी मुलं पाहिली असतील. ती रात्रपाळी करून आली होती असं समजा.

घर सोडण्याकडे येते. सावत्र आई नको. अशा आया असतात, नाही असं नाही, पण मराठी वाचकाला ती इतकी ओळखीची आहे की ती आली की बाकीचं घर दिसायचं बंद होतं. खरी घरं जास्त गुंतागुंतीची असतात. तुमच्या नायकाच्या भागातलंच बघा. दिवाळीच्या आसपास आई-बाप उसतोडीला जातात, पोरगा आजीजवळ किंवा वसतिगृहात, आजी थकलेली. बाप हंगाम संपवून आल्यावर आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही म्हणून चिडलेला, पितो, मारतो, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पोराला भजी आणून देतो. दहावीत गणित राहतं. कुणाच्या तरी खिशातले पैसे जातात आणि नाव याच्यावर येतं. यातलं एकेक सहन होतं. पळायला लावणारी गोष्ट शेवटी एवढीशी असते, आणि आई पुढे वर्षानुवर्षं तीच सांगत राहते: ‘मी फक्त मोबाइल मागितला परत, म्हणून गेला.’

दुसरं असं की पोरगा पहिल्याच खेपेला मुंबई गाठत नाही. मला भेटलेल्या बहुतेक मुलांनी आधी दोन-तीनदा घर सोडून पाहिलेलं होतं. पहिल्यांदा शेतातल्या आखाड्यावर एक रात्र. दुसऱ्यांदा मावशीकडे चार दिवस, मग मावशीच्या सुनेने तोंड वाकडं केलं. तिसऱ्यांदा तालुक्याच्या बसस्थानकावर, तिथून गावातल्याच कुणीतरी ओळखून परत आणलं आणि चारचौघांत चेष्टा झाली. मुंबई चौथी. तुम्ही सीएसएमटीवर दोन दिवस बसलात. त्याऐवजी उदगीर किंवा औशाच्या बसस्थानकावर संध्याकाळी सात ते दहा बसा. तुमच्या पुस्तकाचा पहिला भाग तिथे आहे, आणि तो अजून फारसा कुणी लिहिलेला नाही. लातूरची रात्रीची गाडी पुण्यावरून येते, तेव्हा नायकाला शेवटपर्यंत आणायची सक्तीही नाही. कित्येक मुलं पुण्यालाच उतरतात, कित्येक कल्याणला, कारण सगळे उतरताना दिसले म्हणून. आणि जी मुंबईला पोचतात ती ‘सीएसएमटी’ म्हणत नाहीत. १९९६ मध्ये नाव बदललं, २०१७ मध्ये पुन्हा बदललं, फलाटावरच्या पोरांच्या तोंडी अजून व्हीटीच आहे.

भाषेचं मात्र सावधपणे करा. मराठवाड्यातून आलेला पोरगा पंधरा दिवसांत मुंबईची हिंदी बोलू लागतो आणि मराठी लपवतो, कारण मराठी ऐकली की पोलिसाला गाव विचारता येतं. हिंदीत बोलणाऱ्याला शंभर गावं असतात. तेव्हा फलाटावरचे संवाद हिंदीत असणार, पण कादंबरीचं निवेदन त्याच्या स्वतःच्या, लातूरकडच्या बोलीत ठेवा. बाहेर एक भाषा आणि आत दुसरी, यानेच त्याचं एकटेपण वाचकाला कळेल, वेगळं सांगावं लागणार नाही. एखाद्या रात्री कुणीतरी अनोळखी माणूस शेजारी फोनवर ‘काय करायलास रे?’ म्हणतो आणि पोरगा उठून दूर जाऊन बसतो. टपोरी शब्दांची यादी गोळा करत बसू नका. ते शब्द दर चार-पाच वर्षांनी बदलतात. माझ्या पहिल्या वह्यांतले निम्मे आज कुणी वापरत नाही.

मोबाइल हा नवा भाग आहे, आणि तो माझ्यापेक्षा माझ्या हाताखालच्या मुलींना जास्त कळतो. फोन पहिल्या आठवड्यात जातो. पण खातं राहतं. ही मुलं आमच्याकडे फोन मागतात तो घरी लावायला नाही. दोन मिनिटं इन्स्टाग्राम उघडायला. पासवर्ड पाठ असतो. आत बहिणीचा फोटो असतो, बैलाचा असतो, शाळेच्या स्नेहसंमेलनातला असतो. चोरता न येणारी, भिजत नसलेली, ठेवायला जागा न लागणारी एवढी एकच वस्तू त्यांच्याकडे उरलेली असते. आणि तिथेच घरच्यांचे मेसेज न वाचता साठलेले असतात. उघडला तर ‘पाहिलं’ असं पलीकडे कळतं, म्हणून ती बोट न लावता नुसती वरची ओळ वाचतात.

आता कायदा. यात चूक झाली तर आमच्यासारखे वाचक पुस्तक मिटतात, म्हणून जरा लक्ष द्या. लातूरला पोरगा हरवल्याची तक्रार दिली की आज ती अपहरणाचा गुन्हा म्हणून नोंदली जाते. हरवलेल्या मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या मे महिन्यात दिलेल्या आदेशानंतर हे रूढ झालं. म्हणजे तुमचा नायक स्वतःच्या पायाने निघाला असला तरी कागदावर ‘अज्ञात इसमाने पळवून नेलेला’ आहे. त्याला हे कळल्यावर काय वाटेल ते बघा. एक मुलगा मला म्हणाला होता, ‘म्हणजे मला कुणीतरी नेलं असं आई समजते? मग बरं आहे.’

स्टेशनात दोन पोलीस असतात. आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, ते रेल्वेचं; जीआरपी म्हणजे लोहमार्ग पोलीस, ते राज्याचे. मुलांना वर्दीतला फरक कळतो, लेखकांना बहुतेक वेळा कळत नाही. १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कामातून सुरू झाली. २०२३ पासून तिचा कारभार सरकारी यंत्रणेकडे गेला. मूल सापडलं की २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं, प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. ते न्यायालय नाही, पण मुलाला ते कोर्टच वाटतं, कारण बाहेर बाक असतं, नाव पुकारतात आणि पोलीस सोबत असतो.

तुम्ही प्रश्नात ‘बालगृह’ म्हटलंय ते बरोबर आहे. वर्तमानपत्रं सरसकट ‘बालसुधारगृह’ लिहितात आणि मुलं ‘रिमांड’ म्हणतात, किंवा नुसतं ‘डोंगरी’, मुंबईत डोंगरी भागात असं गृह आहे म्हणून. पण ज्याने गुन्हा केल्याचा आरोप आहे त्याच्यासाठी निरीक्षणगृह असतं, आणि ज्याला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे त्याच्यासाठी बालगृह. फलाटावर ‘डोंगरीला टाकतील’ ही धमकी मोठी पोरं छोट्यांना देतात, आणि त्यामुळेच छोटी पोरं मदत करायला आलेल्या माणसाला बघून पळतात. तुमचा नायक ताईला बघून पळायला हवा. मी किती मुलांच्या मागे धावले असेन! एकदा दादरच्या पुलावर माझी चप्पल तुटली आणि ज्याच्या मागे धावत होते तोच थांबून हसायला लागला.

वयाचा भाग विसरू नका. मुलगा म्हणतो १८, दिसतो १४. कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला बघतात, तो नसेल तर जन्माचा दाखला, आणि काहीच नसेल तेव्हा हाडांची तपासणी. म्हणजे पुन्हा तेच. ज्याला कागद ठेवायला जागा नव्हती त्याचं वय त्याच्या मनगटाच्या एक्स-रेवरून ठरतं.

बालगृहात गेल्यावर तुमची गोष्ट संपते, आणि माझ्या मते तिथे ती अवघड होते. तिथे त्याला ताट, गादी, लोखंडी खण मिळतो. पहिल्या रात्री मुलं खणात काय ठेवतात हे मी मुद्दाम बघायचे. बरीच मुलं जेवणातली पोळी ठेवतात. काही जण चपला काढून खणात ठेवतात आणि रात्रभर उशाला किल्ली. एक जण रिकामाच खण दिवसातून चार वेळा उघडून बघायचा. आणि मग कंटाळा येतो. पाच वाजता उठा, प्रार्थना करा, कुलूप. फलाटावर तो स्वतःचा मालक होता, इथे एका रांगेतला विसावा मुलगा आहे. घरच्या जिल्ह्यातून गृहचौकशीचा अहवाल यायला वेळ लागतो, सोबत न्यायला पोलीस मिळायला आणखी वेळ लागतो. या वाट बघण्यात मुलं पळून जातात. पळून गेलेला मुलगा कृतघ्न नसतो, पण तुमच्या ताईला तो तसा वाटू द्या. मलाही वाटायचा.

बाप घ्यायला येतो तो प्रसंग प्रत्येक जण लिहितो, कारण बाप रडतो. रडतोच, आणि ते खरं असतं. तुम्ही चौथा दिवस लिहा. घरी गेल्यावर पहिल्या दिवशी कोंबडी कापतात, दुसऱ्या दिवशी शेजारी बघायला येतात, तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, ‘मुंबईत काय काय केलंस?’ आणि त्या विचारण्याचा रोख सगळ्यांना कळतो. चौथ्या दिवशी त्याची गादी कुठे घालायची यावरून घरात कुजबुज होते, कारण तो नसताना त्या कोपऱ्यात धाकट्याचं दप्तर आणि खताची पोती आली आहेत. बेघर होणं फलाटावर घडत नाही. ते त्या कोपऱ्यात घडलेलं असतं.

मुलींबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगते. फलाटावर मुलगे दिसतात, मुली क्वचित. त्यावरून मुली पळत नाहीत असा अर्थ काढू नका. एकटी मुलगी स्टेशनवर काही तासच एकटी राहते. कुणीतरी तिला ‘ठेवून घेतं’. मराठीतला हा शब्द किती भयंकर आहे हे तुम्हाला सांगायला नको. घरकामाला, लग्नाच्या नावाखाली, किंवा त्याहून वाईट. कधी नशीब चांगलं असतं आणि फूटपाथवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारं एखादं कुटुंब तिला आपल्यात झोपवतं. अशी कुटुंबं पुष्कळ आहेत. टाटा समाजविज्ञान संस्था आणि अ‍ॅक्शनएड यांनी केलेली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली मुंबईची पाहणी रस्त्यावरच्या मुलांचा आकडा ३७ हजारांच्या वर सांगते, आणि त्यातली मोठी संख्या कुटुंबासोबत राहणारी होती. एकटा पळून आलेला मुलगा त्या मानाने थोडका. तुमच्या नायकाला अशा कुटुंबातली, त्याच्याच वयाची मुलगी भेटू द्या. ती पदपथावरच जन्मलेली, महापालिकेच्या शाळेत नववीत, आणि तिच्या मते ती बेघर नाहीच. ‘आमचं घर आहे, गाडी येते तेव्हा आवरतो,’ असं ती सांगेल. ती वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाडाच्या फांदीला बांधते, पालिकेच्या गाडीला फांदी दिसत नाही म्हणून. ठेवायला जागा कशी करायची हे त्याला तीच शिकवेल, ताई नाही.

आणखी एक शक्यता सुचवते, मान्य नसेल तर सोडून द्या. रस्त्यावर कधीच न येणारं बेघर मूल. वडील गेले, भाड्याची खोली सुटली, आई एका घरी कामाला राहते, आणि १६ वर्षांची मुलगी एक महिना मामाकडे, एक महिना मैत्रिणीकडे, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेत रात्री दहापर्यंत. ती कुठल्याच पाहणीत येत नाही. जनगणनेत बेघरांची मोजणी एका रात्रीत करतात, २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. अशी मुलगी त्या रात्री कुणाच्या तरी सतरंजीवर असते. तुमच्या वाचकांच्या वर्गात अशी एखादी असण्याचा संभव फलाटावरच्या मुलापेक्षा जास्त आहे. ती कधीच कुणाच्या फ्रिजला हात लावत नाही. तिची बॅग कायम भरलेली असते.

शेवट गोड करायचा का? करा, पण १८ व्या वर्षाच्या पलीकडे बघून करा. ज्या दिवशी मुलगा १८ पूर्ण करतो त्या दिवशी बालगृहातला खण दुसऱ्याला मिळतो. कायद्यात पुढची सोय आहे, अनुरक्षणगृह, साधारण २१ व्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत, पण सगळ्यांना जागा मिळत नाही. अनाथ मुलांसाठी राज्याने २०१८ मध्ये १ टक्का आरक्षण आणलं, ते चांगलंच झालं. पण तुमचा नायक अनाथ नाही. त्याला बाप आहे, आई आहे, रेशनकार्डावर नावही आहे. त्याच्यासाठी कुठलाच दाखला नाही. गोड शेवट म्हणजे नोकरी किंवा दहावीत ८० टक्के असं नको. त्याला एक किल्ली मिळू द्या. चार पोरांत मिळून घेतलेल्या कळव्याच्या खोलीची चालेल.

संशोधनाबद्दल दोन गोष्टी, त्या मात्र हुकूम समजा. मुलांचे फोटो काढू नका, आणि पुस्तकात कुणाचीही खरी ओळख पटेल असं लिहू नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्यासाठीच आहे. आणि मुलांना पैसे देऊन गोष्टी ऐकू नका. त्यांना कुठली गोष्ट विकली जाते हे चांगलं ठाऊक असतं. सावत्र आई त्यात पहिली.

मसुदा वाचायला पाठवा, पण एवढ्यात पाठवा. दहावीचा निकाल लागला की पुढचे दोन आठवडे आमच्याकडे कुणी रजाही घेत नाही.